राखणदाराचा घाव

कला शाखेच्या विद्यार्थिनीने उंदराच्या पेशींवर लेख लिहावा, याचे कोणालाही नवल वाटेल. पण त्याला कारण घडले आहे. २०२१ च्या मे महिन्यात आमचे थोरले काका कोरोनाने गेले. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "विषाणूपेक्षा त्यांच्याच प्रतिकारशक्तीने फुफ्फुसांचे जास्त नुकसान केले." आमच्या घरात ते कोणालाच पटले नाही. राखण करणारा घरावरच कसा उलटेल? डॉक्टरांनी वेळ मारून नेली, असे काकू कितीतरी दिवस म्हणत असे.

त्या वाक्याचा छडा लावताना मी कॅनबेरा येथील एका प्रयोगापर्यंत येऊन पोहोचले. कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या मॅडमनी अवघड शब्द समजावून दिले नसते, तर मी पहिल्याच पानावर अडले असते.

१९७३ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीटर डोहर्टी व रोल्फ झिंकरनागेल एकाच प्रयोगशाळेत काम करीत होते. झिंकरनागेल स्वित्झर्लंडहून आलेले डॉक्टर. डोहर्टी पशुवैद्य, त्यांनी पूर्वी एडिंबरोला मेंढ्यांच्या मेंदूच्या एका रोगावर संशोधन केलेले. (हे वाचून मला उगाचच आनंद झाला. मेंढपाळाच्या घरी पशुवैद्याचा मान मोठा!)

त्यांचा विषय होता उंदरांना होणारा एक विषाणूजन्य मेंदूविकार. त्याचे नाव लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस. मला ते पाठ करायला दोन दिवस लागले. हा विषाणू मोठा चमत्कारिक आहे. तो पेशीत शिरतो, वाढतो, पण स्वतः पेशीला फारसा मारीत नाही. प्रौढ उंदराच्या मेंदूत तो टोचला की उंदीर आठवड्याभरात मरतो. मात्र त्याची प्रतिकारशक्ती आधीच दाबून टाकली, तर विषाणू अंगात असूनही उंदीर जगतो! म्हणजे घाव घालतात त्या शरीराच्याच टी पेशी.

हे काचपात्रात कसे पाहायचे? प्रयोगशाळेत वाढविलेल्या उंदराच्या पेशींना विषाणूची लागण करायची व त्यांना किरणोत्सारी क्रोमियम शोषू द्यायचे. मग आजारी उंदराच्या टी पेशी त्यांच्यावर सोडायच्या. काही तासांनी वरचे द्रव काढून त्यातील किरणोत्सार मोजायचा. जितक्या पेशी फुटल्या, तितके क्रोमियम बाहेर आलेले असते. लागण न झालेल्या पेशींचे पात्र तुलनेसाठी शेजारी असतेच. मरणाचा असा हिशेब मांडता येतो, हे मला प्रथमच कळले.

या मोजणीत एक विपरीत दिसले. काही जातींच्या उंदरांच्या टी पेशी लागण झालेल्या पेशी फोडीत. इतर जातींच्या टी पेशी त्यांना स्पर्शही करीत नसत. विषाणू तोच होता आणि तेही उंदीर आजारीच होते. शोध घेता उलगडले, की पात्रातील पेशी ज्या आनुवंशिक गटाच्या, त्याच गटाच्या उंदरांच्या टी पेशी हल्ला करीत होत्या. दुसऱ्या गटाच्या टी पेशींपुढे त्यांच्याच गटाच्या लागण झालेल्या पेशी ठेवताच त्याही हल्ला करू लागल्या.

मला आमचा वाड्यावरचा कुत्रा आठवला. आमच्या कळपात परका शिरला तर तो तुटून पडतो. तोच माणूस शेजारच्या कळपात दिसला, तर मान वर करीत नाही. आपला कळप आणि त्यात परका, या दोन्ही खुणा एकदम पटाव्या लागतात. उपमा फार ताणू नये, पण टी पेशीचे असेच आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या खुणा तोवर मुख्यतः परक्याचे कातडे वा अवयव नाकारण्याशी जोडल्या जात, त्यांचे खरे काम काय, याचा धागा येथे सापडला. १९७४ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या रेणूला एक खाच असते, हे १९८७ साली स्फटिकाच्या अभ्यासातून प्रत्यक्ष दिसले; तीत विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा धरून दाखविला जातो. दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदराचा मेंदू म्हणजे काकांची फुफ्फुसे नव्हेत, हे मी जाणते. कोरोनाचा विषाणू स्वतःही पेशींची हानी करतो आणि तेथील दाहात टी पेशींखेरीज इतर अनेक घटक असतात. परंतु डॉक्टरांचे वाक्य ही थाप नव्हती. ब्रिटनमधील २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या दाह दाबणाऱ्या औषधाने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांतील मृत्यू कमी झाले होते. काकांनाही तेच औषध दिले होते.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी काकूला सांगितले. कुत्र्याची गोष्ट तिला लगेच पटली. मग तिने विचारले, "तर मग ते औषध पहिल्याच दिवशी का न्हाई दिलं?"

मी सांगितले, की ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्या औषधाचा फायदा दिसला नव्हता. आजाराच्या सुरुवातीला विषाणू वाढत असतो; तेव्हा राखणदाराला बांधून कसे चालेल?

काकू बराच वेळ काही बोलली नाही. मग "कुत्रं सोडायची येळ झाली," म्हणत उठली व वाड्याकडे गेली.