काचांना फुटलेला घाम

खोबरेल तेल गोठलं की थंडी आली, असं मानणाऱ्या घरात मी वाढलो. चिपळूणला ते वर्षातून दहा-पंधरा दिवस गोठायचं, आणि तेवढ्यावर आई ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढायची. पुढे तीस वर्षं मी वातानुकूलनाच्या धंद्यात काढली, आधी पिंपरीत आणि मग इंग्लंडात लीड्सला. हवेत किती पाणी मावतं, ते कुठल्या तापमानाला सुटतं, याचे तक्ते माझ्या टेबलाच्या काचेखाली असत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो गाढवपणा सांगणार आहे तो अडाणी माणसाने केलेला नाही.

मोटरहोम आम्ही निवृत्तीनंतर घेतली. जुनीच, सहा मीटर लांबीची. दोन उन्हाळे मजेत गेले. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत हिने ठरवलं, बर्फातले रेनडियर बघायचे. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म डोंगरात त्यांचा कळप आहे. १९५२ साली स्वीडनहून आणलेला. ॲव्हिमोर गावाजवळच्या कॅम्पसाइटवर जागा मिळाली. त्या डोंगरांच्या पलीकडे ब्रेमार नावाचं गाव आहे. ब्रिटनमधलं नीचांकी तापमान, उणे २७.२ अंश, तिथे दोनदा नोंदलं गेलंय, १८९५ आणि १९८२ साली. निघण्यापूर्वी हे मी हिला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं होतं. जणू ते आपल्याला लागू नाही.

पहिल्या रात्री बाहेर उणे सात होतं. हीटर लावला. कुकरला तीन शिट्ट्या काढून मुगाची खिचडी केली, त्यावर दोनदा चहा झाला. ओले मोजे आणि हातमोजे हीटरच्या झोतापुढे वाळत टाकले. छताच्या खिडकीला कारखान्यातूनच एक कायमची फट ठेवलेली असते. तिच्यातून बारीक गार झोत मानेवर येत होता. तिथे मी टॉवेल कोंबला आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

तीनच्या सुमारास थंडीने जाग आली. हीटर बंद, त्याच्या बटणाशेजारी तांबडा दिवा. एवढ्यात खाली कुठेतरी भसाभस पाणी वाहिल्याचा आवाज झाला आणि थांबला. तो बॉयलर होता. त्याला एक झडप असते. तिच्याभोवतीची हवा तीन-चार अंशांवर उतरली की ती आपणहून उघडते आणि आतलं दहा लिटर पाणी जमिनीवर सोडून देते, बॉयलर फुटू नये म्हणून. झडपेने तिचं काम चोख केलं. सकाळी गाडीखाली बर्फाची लादी होती.

गॅस संपला असणार, म्हणून बॅटरी घेऊन बाहेर गेलो. सिलिंडर उचलून बघितला तर चांगला जड. हलवला तर आत डुचमळत होता. अर्ध्याहून जास्त भरलेला. मग बॅटरीचा उजेड त्याच्या रंगावर पडला. निळा.

ब्रिटनमध्ये निळ्या सिलिंडरात ब्युटेन असतो आणि लाल सिलिंडरात प्रोपेन. दोन्ही आत द्रवरूपात असतात. उकळून त्यांची वाफ झाली तरच ती नळीतून हीटरपर्यंत पोचते. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो. ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाला. त्याखाली तो सिलिंडरात नुसता पडून राहतो, लग्नघरातल्या जावयासारखा. संध्याकाळी हीटर चालला, कारण सिलिंडरात दिवसाची थोडी ऊब शिल्लक होती. गॅस काढत गेलं की सिलिंडर स्वतःच आणखी गार होत जातो, आणि एका क्षणी थांबतो. तो निळा सिलिंडर गेल्या जूनमध्ये मीच घेतला होता. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

इथपर्यंत नुसती फजिती होती. पुढचं सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही.

बाहेर बसून चहा करायला आमच्याकडे एक छोटी शेगडी होती, गॅसच्या डबीवर चालणारी. डबी आतल्या कपाटात होती, म्हणून ती गॅस देत होती. मी ती पेटवून टेबलावर ठेवली. ही पांघरुणातून म्हणाली, "अहो, कशाला ते?" म्हटलं, दहा मिनिटं, जरा ऊब येऊ दे. छताच्या फटीत टॉवेल तसाच. ऊब आली आणि माझे डोळे मिटले. जाग आली ती कर्कश किंचाळीने. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. हिने शेगडी बंद केली, दार उघडलं आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. नुसत्या मोज्यांवर आम्ही दोघं बर्फात उभे. दुपारपर्यंत माझं डोकं ठणकत होतं. या वायूला ना रंग ना वास. अलार्म नसता तर तुम्ही हे वाचत नसता.

तेव्हा उबेसाठी शेगडी पेटवायची नाही. टेबलावरची नाही आणि ओट्यातली तर नाहीच. गाडीतल्या कायमच्या फटी बुजवायच्या नाहीत. छतातली फट आपल्या श्वासासाठी असते. फरशीतली भोकं गळलेला गॅस बाहेर जावा म्हणून असतात. तो हवेपेक्षा जड, तळाला साचतो. बर्फ पडत असेल तर छतावरची फट आणि हीटरच्या धुराड्याचं तोंड सकाळ-संध्याकाळ मोकळं करायचं.

उजाडल्यावर गाडी आतून पाहिली. बाजूच्या काचांवरून धारा लागल्या होत्या. पुढच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी. छतातल्या स्क्रूंच्या डोक्यांवर एकेक थेंब लोंबत होता. हिने बोट लावलं तसा एक माझ्या मानेवर पडला. गादीचा कोपरा उचलला तर खालची फळी गडद झालेली आणि गादीची पाठ थबथबलेली. रात्री वाळत टाकलेले मोजे मात्र कोरडे होते. त्यांचं पाणी कुठे गेलं ते समोरच दिसत होतं.

आमच्या कोकणात ओल म्हटलं की माणूस खिडकी लावतो, आणि ते बरोबरच आहे. आषाढात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. ती आत आली की मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. ही सवय हाडात मुरलेली असते. गोठवणाऱ्या थंडीत ती नेमकी उलटी पडते. माझे सगळे तक्ते या सवयीपुढे हरले.

त्या तक्त्यांतले चार आकडे इथे देतो. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी मावतं. शून्य अंशाला ५ ग्रॅमही मावत नाही, आणि उणे सातला ३ सुद्धा नाही. म्हणजे बाहेर धुकं असो वा बर्फ, ती हवा आत येऊन तापली की खडखडीत कोरडी होते आणि जिथे मिळेल तिथलं पाणी पिऊ लागते. आमच्या गाडीत हवा साधारण वीस घनमीटर. ती फार तर साडेतीनशे ग्रॅम पाणी धरणार. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास बाहेर पडतं. खिचडी, चहा, मोजे वेगळे. शिवाय गॅस: एक किलो प्रोपेन जळला की एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होतं. गाडीत बसवलेल्या हीटरचं पाणी धुराड्यातून बाहेर जातं. ओट्यावरच्या शेगडीचं सगळं आतच राहतं. हवेला झेपेनासं झालेलं पाणी मग गाडीतली सगळ्यात गार जागा शोधतं, आणि ती जागा काच, स्क्रू, नाहीतर गादीची पाठ असते.

आणि खिडकी किलकिली ठेवली तर ऊब जाते त्याचं काय? तोही हिशेब केला. बाहेर उणे सात, आत अठरा. तासाभरात गाडीतली सगळी हवा एकदा बदलली, तरी ती तापवायला दोनशे वॅटपेक्षा कमी लागतात. दोन जुन्या पिवळ्या बल्बांइतके. आमचा हीटर चार हजार वॅटचा आहे. एवढ्या चिल्लरीसाठी मी टॉवेल कोंबला होता.

दुसऱ्या दिवशी ॲव्हिमोरमध्ये लाल सिलिंडर घेतला. त्याचा जोड वेगळा असतो, निळ्याची नळी त्याला बसत नाही, म्हणून नळीही नवी. ही तयारी घरून निघतानाच करावी. कडाक्यात आमचा ६ किलोंचा सिलिंडर दोन-अडीच दिवसांत संपतो. हाताशी भरलेला दुसरा नसेल तर तिसरी रात्र मुक्कामाला थांबू नका. त्याच दुकानात हवेतली आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र मिळालं. त्या संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर त्यावर ८२ टक्के आकडा होता. छताची खिडकी चार बोटं आणि पलंगाकडची खिडकी एका खाचेवर उघडली. वीस मिनिटांत ५५. ही म्हणाली, "एवढंच होतं तर!" एवढंच होतं.

हीटर रात्री बंद करून पहाटे जोरात लावणं हा चुकीचा हिशेब आहे. रात्रभरात भिंती गार पडतात, त्यांच्यावर पाणी बसतं, आणि सकाळची ऊब ते पाणी पुन्हा हवेत चढवते. आम्ही तो आता रात्रभर चौदावर ठेवतो. पाण्याची वाफ करणारी प्रत्येक गोष्ट छताची खिडकी उघडी ठेवूनच करायची. भांड्यावर झाकण. कुकरला एकच शिट्टी. मग गॅस बंद करून कुकर जाड कांबळ्यात गुंडाळून ठेवला की अर्ध्या तासात खिचडी मऊ होते. ओले कपडे आत वाळवायचे नाहीत, ते कॅम्पसाइटच्या वाळवणखोलीत.

ऊब सगळ्यात जास्त जाते ती चालकाच्या केबिनमधून. तिथली काच एकेरी, दारं पत्र्याची. काचेला आतून लावायचे चंदेरी पडदे आमच्याकडे होते; त्यांनी माणसाला बरं वाटतं, पण काच आणखी गार राहते आणि पडद्यामागे पाणी साचून गोठतं. बाहेरून लावायचा जाड पडदा घ्या. आणि केबिन व घर यांच्यामध्ये काहीतरी जाड टांगा. आम्ही गोधडी टांगली. आईने जुन्या नऊवारींची शिवलेली ती गोधडी तीस वर्षं पेटीतच होती. हिला ते आवडलं नाही, पण गोधडीच्या या बाजूला पंधरा आणि त्या बाजूला दोन अंश असा फरक मी थर्मामीटर धरून दाखवल्यावर ती काही बोलली नाही.

गादी सकाळी उभी करून ठेवायची. तिच्याखाली हवा खेळेल अशी जाळी मिळते, ती अंथरायची. कपाटं बाहेरच्या भिंतीला लागून ठासून भरायची नाहीत. काचा रबरी पट्टीने निपटून पाणी बाहेर फेकायचं. फडक्याने पुसून फडकं आत वाळत घातलं तर काय मिळवलं? ओल शोषणाऱ्या खड्यांचे डबे बंद करून ठेवलेल्या गाडीला ठीक आहेत. आत दोन माणसं श्वास घेत असताना त्यांची मदत नावापुरतीच.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते, ती सगळ्यात आधी गोठते. तिचा नळ उघडा ठेवून खाली बादली ठेवा आणि बादली रोज ओता. गाडी उभी करून घरी परतताना बॉयलर रिकामा केला की काम झालं, असं समजू नका. माझा बॉयलर वाचला, पण शॉवरच्या नळात कपभर पाणी अडकून होतं. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं. नळ उभा तडकला, आणि ते कळलं एप्रिलमध्ये, शॉवर सुरू केल्यावर, भिंतीच्या आतून. सगळे नळ उघडे ठेवा, शॉवरची नळी खाली सोडा. आणि लिथियमची बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नका.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून भर हिवाळ्यात लाहौलमध्ये गाड्या जातात, आणि झोपण्याची सोय केलेल्या गाड्या घेऊन पुण्या-नाशिकची मंडळीही निघू लागली आहेत. आपल्या घरगुती सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. कडक थंडीत त्यातला ब्युटेन मागे राहतो आणि ज्योत बसते. तेव्हा सिलिंडरला आच द्यायची नाही. आणि गाडीत कोळशाची शेगडी घेऊन झोपायचं तर मुळीच नाही.

आम्ही त्यानंतर दोनदा जाऊन आलो. रेनडियर हातातून दाणे खातात, त्यांचे ओठ मऊ असतात. काचा कोरड्या राहतात.

त्या रात्री ओरडलेला अलार्म आधीच्या मालकाने बसवलेला होता. घरी आल्यावर मी तो काढून मागे छापलेली तारीख बघितली. त्याची मुदत संपायला चार महिने उरले होते. तुमच्या अलार्मची तारीख आज बघा.