आजोबांच्या पेटीतील बटण : काळ ओळखण्याचा एक पाठ

आपल्या समाजातील अनेक घरांत पूर्वजांच्या लष्करी नोकरीची आठवण अभिमानाने सांगितली जाते. कागद मात्र क्वचितच उरलेला असतो. पेटीच्या तळाशी राहते ते एखादे पितळी बटण. ते वाचता आले, तर हरवलेल्या कागदाचे थोडे काम ते निश्चित करते.

प्रथम दर्शनी बाजू पाहावी. मुकुट असल्यास त्याच्या वरच्या कमानी न्याहाळाव्यात. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील, तर ते बटण साधारणपणे राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १९०१ पूर्वीच्या काळातील असते. कमानी घुमटासारख्या गोल असतील, तर ते १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील. ब्रिटनमध्ये १९५३ पासून दबलेला मुकुट पुन्हा आला. परंतु २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्यामुळे आपल्या सैनिकांच्या गणवेशावर तो आला नाही. मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. हे सिंह सारनाथचे, जेथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले.

त्यानंतर पलटणीचे नाव व क्रमांक पाहावा. १९०३ मध्ये भारतीय सैन्याच्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले आणि १९२२ मध्ये ते पुन्हा बदलले. म्हणून ‘१०३ मराठा लाइट इन्फंट्री’ ही अक्षरे १९०३ ते १९२२ हा काळ सांगतात. ब्रिटिश पायदळातील शिपायांच्या बटणांवर मात्र १८७१ पासून पलटणीच्या क्रमांकाऐवजी सिंह व एकशिंगी घोडा असलेले राजचिन्ह आले. अशा बटणावरून पलटण ओळखता येत नाही.

आता बटण उलटावे. सपाट, एकसंध चकतीला मागे कडी डाखलेली असेल, तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असते. फुगीर पुढचा पत्रा मागच्या पत्र्यावर दुमडून बसवलेला असेल, तर ते त्यानंतरचे. मागे कारखान्याचे नाव असते. बर्मिंगहॅमच्या गाँट कंपनीची स्थापना १८८४ ची. तेव्हा ते नाव असलेले बटण त्याआधीचे असू शकत नाही. वजनाला हलके, न घासताही चकाकणारे अ‍ॅल्युमिनिअमचे बटण १९५० नंतरच्या काळाकडे निर्देश करते.

ही तपासणी आपल्यासाठी महत्त्वाची का? १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार सैनिक लढले. तरीही १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी राहिली. काही वर्षांतच ती मोडण्यात आली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन स्थापन झाली. म्हणून गोल मुकुटाचे बटण ‘१८८० च्या पणजोबांचे’ म्हणून सांगितले जात असेल, तर थांबून विचार करावा. ते कदाचित त्यांच्या मुलाचे किंवा नातवाचे असेल. कदाचित ते सैन्याचे नसून पोलीस वा रेल्वेचेही असेल. रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्लाही असाच वाचता येतो : आरंभी कोरेगावचा स्तंभ, पुढे तिरप्या मशीनगनांसह स्तंभ आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर.

ब्लेझरच्या बटणाबाबत अधिक सावध राहावे. निवृत्त सैनिक पलटणीचे चिन्ह असलेली सोनेरी बटणे ब्लेझरला लावतात. ती गणवेशाची नव्हेत. पाचगणी हे निवासी शाळांचे गाव असल्यामुळे येथील जुन्या पेट्यांत शाळांच्या बोधचिन्हांची बटणेही निघतात. मुलामा उडून खाली करडा धातू दिसला, तर ते बटण पितळी नव्हे, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव बटण समजावे.

जुने बटण चिंचेने, राखेने किंवा ब्रासोने घासू नये. झिजलेली अक्षरे परत येत नाहीत. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि व्यास मोजावा. एका वहीत दोन स्वतंत्र रकाने करावेत : ‘बटणावर दिसते ते’ आणि ‘घरात सांगतात ते’. दुसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याचे नाव व तारीख अवश्य लिहावी. बटण केव्हा घडवले गेले असेल, एवढेच बटण सांगते. ते कोणी घातले, हे घरातील वडीलधारी माणसेच सांगू शकतात.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते व तेथील शाळेत शिकवीत. त्यांच्या पुत्राने ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. आपल्यापैकी अनेक घरांत अक्षर प्रथम गणवेशाच्या वाटेने आले. म्हणूनच त्या गणवेशाचा उरलेला तुकडा खोट्या अभिमानाने सजवू नये आणि अडगळ म्हणून मोडीतही घालू नये. भगवंतांचा धम्म ‘एहिपस्सिक’ आहे : या आणि स्वतः पाहा. येत्या सुटीत आजोबांची पेटी उघडताना हीच दृष्टी सोबत असावी.