पसारा, शिस्त आणि आपली मुले

‘पसारा आवर’ हे दोन शब्द आपल्या घरांत रोज ऐकू येतात. आई ओरडते. मूल तेवढ्यापुरते उठते, कपडे चादरीखाली आणि वह्या पलंगाखाली सरकवते. दुसऱ्या दिवशी खोलीची अवस्था पुन्हा तीच. शेवटी आईच पदर खोचते आणि सारे जागच्या जागी लावते. अशाने खोली आवरली जाते, पण मूल आवरायला शिकत नाही. या लेखात विचार करायचा आहे तो या शिकण्याचा.

काही पालक म्हणतील, “आमच्याकडे मुलांना वेगळी खोली कोठे आहे?” खरे आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे एका-दोन खोल्यांची आहेत. तेथे मुलाची खोली म्हणजे खिडकीखालचा कोपरा, एखादा कोनाडा किंवा पत्र्याची पेटी. पण नियम तोच आहे.

मॉण्टेसरीबाईंनी काय पाहिले?

डॉ. मारिया मॉण्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथे शिकण्याचे साहित्य कपाटात कुलपात असे. शिक्षिका ते वाटत आणि काम झाल्यावर परत ठेवत. मुले मात्र जागेवर न बसता त्यांच्या मागे मागे जात. वस्तू आपल्या हाताने परत ठेवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. एके दिवशी कपाटाला कुलूप लावायचे राहिले आणि शिक्षिकेलाही उशीर झाला. त्या आल्या तेव्हा मुले आपापले साहित्य काढून घेत होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. बाईंना त्यात वेगळेच दिसले. कोणती वस्तू कोठे असते हे मुलांना पक्के ठाऊक होते. पुढे मोठ्या कपाटांऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या साहित्याऐवजी त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा आसपासच्या वस्तू वापरल्या. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलांना वळण लावण्यासाठी पैसा किंवा किमती फर्निचर लागत नाही.

घरी काय करावे?

१) आधी जागा द्या, मग हुकूम द्या. खुंटी मोठ्यांच्या उंचीवर असेल तर मुलाचा सदरा जमिनीवरच पडणार. मुलाचा हात पोहोचेल तेथे एक खुंटी ठोका. पेन्सिली, खोडरबर यांसाठी बुटांचा रिकामा खोका पुरे.

२) काम नेमके सांगा. ‘खोली आवर’ म्हणजे काय, हे लहान मुलाला कळत नाही. ‘पुस्तके फळीवर ठेव’ हे कळते. प्रथम करून दाखवा, मग बरोबर करा, मग त्याच्यावर सोपवा.

३) वेळ ठरवून टाका. रात्री अंथरुणे घालण्यापूर्वी दहा मिनिटे. त्याच वेळी उद्याचे दप्तरही भरले जाईल.

४) वस्तू कमी करा. वार्षिक परीक्षा संपली की जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून कच्ची वही शिवावी. चांगली पाठ्यपुस्तके खालच्या वर्गातील मुलाला द्यावीत. मात्र मुलाची वस्तू त्याला न विचारता टाकू नये. कोपरा त्याचा म्हटला की निर्णयातही त्याचा वाटा हवा.

५) त्याने केलेले काम पुन्हा करू नका. घडी वाकडी असली तरी चालेल. पाहुण्यांसमोर तर कधीच उणेदुणे काढू नये.

मुलगा आणि मुलगी

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. अनेक घरांत भावाचे ताट, भावाचे अंथरूण, भावाचा पसारा बहीण आवरते. तो अभ्यास करतो म्हणून त्याला सूट, आणि तिचा अभ्यास मात्र काम उरकल्यानंतर. समतेची भाषा बोलणाऱ्या घरांतही हे घडते. आपला पसारा दुसऱ्याने आवरायचा असतो, हे ज्या मुलाच्या मनावर लहानपणीच बिंबते, तो पुढे आपल्या पत्नीकडूनही तीच अपेक्षा करतो. म्हणून दहा मिनिटांचा नियम दोघांनाही सारखाच हवा. वडिलांनीही आपला टॉवेल स्वतः वाळत घातला तर फार बोलावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो,

आजच एक फाईल करा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स तीत ठेवा. ही फाईल कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवा. शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कागद सापडला नाही, तर वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते. दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी अर्ज, फी आणि हेलपाटे आलेच. त्यात मुदत निघून जाते.

ज्याला आपली वही कोठे आहे हे ठाऊक असते, तो बसल्याबरोबर अभ्यासाला लागतो. घर लहान असले तरी हे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. पालकांनी एक आठवडा ओरडणे थांबवून एक खुंटी आणि एक खोका एवढ्यापासून सुरुवात करावी, ही विनंती.