कॉलममधील रिंगांचे महत्त्व



उसाच्या बिलातून आपल्यापैकी पुष्कळजण स्लॅबचे घर बांधतात. उभ्या सळया किती घातल्या हे आपण मोजून घेतो. रिंगांकडे मात्र कोणी बघत नाही. म्हणून आम्ही आज त्याविषयी लिहीत आहोत.

वाळूच्या भरल्या पोत्यावर माणूस खुशाल उभा राहतो. पोते उसवले की तीच वाळू पसरते. काँक्रीटचेही तसेच. वरून भार आला की ते बाजूला फुगू पाहते आणि उभ्या सळया बाहेर वाकू पाहतात. रिंगा या दोन्ही गोष्टी रोखतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९२८ साली प्रयोग झाले. बाजूने दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब धरला, तर काँक्रीट वरून सुमारे ४ किलो जादा भार पेलते, असे त्यांत दिसले.

रिंगांमधील अंतर किती? खांबाची लहान बाजू, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या जाडीची १६ पट आणि ३०० मिलिमीटर. यांत जे कमी, त्याहून जास्त नको. १२ इंची चौरस खांबात १२ मिलिमीटरच्या सळया असतील, तर १९२ मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच. बीमजवळ आणि पायथ्याशी इंजिनिअर सांगतील तशा आणखी जवळ घालाव्यात.

रिंगेची टोके काटकोनात दुमडली, तर भूकंपाच्या धक्क्याने ती उघडतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात असे खांब फुटलेले आढळले. टोके १३५ अंशांत, खांबाच्या पोटात वळवून घ्या.

काँक्रीट ओतल्यावर आतले काहीच दिसत नाही. तेव्हा ओतण्याआधी टेप घेऊन स्वतः मोजा. गवंड्याला राग आला तरी चालेल.