शेपटीखाली चाक असलेले विमान कसे उतरते?

शेणव्याच्या आसपासच्या भातखाचरात उतरणारा बगळा तुम्ही नीट पाहिला आहे का? जमीन जवळ आली की तो अंग मागे कलवतो, पंख वाऱ्यासमोर उभे धरतो आणि पाय पुढे काढतो. त्याचा वेग मरतो आणि तो अलगद पाय टेकतो. वैमानिकालाही असेच काहीसे करावे लागते. मात्र विमानाला चाके असतात, आणि ती कोठे बसवली आहेत यावर उतरण्याची सारी रीत अवलंबून असते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला थांबून त्यांनी आपले छोटे ‘पस मॉथ’ विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरवले. या विमानाची दोन मोठी चाके पुढे, पंखांच्या जवळ होती आणि मागे शेपटीखाली एक लहानसा आधार होता. त्या काळातील बहुतेक विमाने अशीच असत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेली ‘डाकोटा’ विमानेही याच घडणीची होती. ही रचना वजनाला हलकी असते. शिवाय नाक उंच राहत असल्याने खडबडीत मैदानावरही पंखा जमिनीला लागत नाही.

मग अडचण कोठे येते? अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या थोडा मागे असतो. जमिनीवर धावताना चाकांना घर्षणाचा विरोध होतो, तर जडत्वामुळे गुरुत्वमध्य पुढे जाऊ पाहतो. म्हणजे विमानाचे वजन चाकांना मागून ढकलत असते. खेळण्यातला गाडा दोरीने ओढला तर निमूटपणे मागे येतो. तोच काठीच्या टोकाने मागून ढकलला तर लगेच आडवा होतो. विमानही किंचित तिरके झाले की अधिकच तिरके होऊ लागते. वैमानिकाने पायाने सुकाणू दाबून ते वेळीच सावरले नाही, तर विमान गर्रकन गिरकी घेते. अशा वेळी पंखाचे टोक जमिनीला घासू शकते, चाकाचा पायही मोडू शकतो.

दुसरी अडचण उसळीची. विमान जोरात आदळले की पुढची चाके अडतात, पण मागचा गुरुत्वमध्य खाली जातच राहतो. त्यामुळे शेपटी खाली आणि नाक वर जाते. पंख व समोरून येणारा वारा यांतील कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत चढते. तेथे त्याचा वेग कमी होतो, आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा जोरात आदळू शकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तिन्ही चाके एकदम टेकवण्याचा. जमिनीच्या अगदी जवळ वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करतो आणि दांडा हळूहळू मागे ओढत राहतो. वेग घटतो तसा पंखांचा कोन वाढतो, म्हणून विमान तरंगत राहते. शेवटी उचल पुरेनाशी होते, आणि त्याच क्षणी तिन्ही चाके जमिनीला लागतात. आपला बगळा हेच तर करतो! पुन्हा उडण्याइतका वेगच न उरल्याने उसळीची भीती कमी होते.

दुसरा उपाय, फक्त पुढची दोन चाके टेकवण्याचा. यात शेपटी वर ठेवून, थोड्या अधिक वेगाने, अगदी हळुवारपणे चाके टेकवतात. टेकताच दांडा किंचित पुढे करतात. त्यामुळे कोन कमी होऊन उचल घटते. मग वेग ओसरला की शेपटी खाली येते. झोंबरा वारा असेल तेव्हा ही रीत उपयोगी पडते, कारण वेगामुळे सुकाणूवरून भरपूर हवा वाहत राहते. डाकोटासारखी जड विमाने बहुधा अशीच उतरवतात. पण याची किंमतही मोजावी लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने टेकल्यास ६४०० च्या जागी १०,०००, म्हणजे दीडपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. साहजिकच धावपट्टी लांब हवी.

करून पाहा : एका फळीच्या टोकाला आसावर दोन चाके सरळ बसवा. दुसऱ्या टोकाला खुर्चीला असते तसे चहूकडे वळणारे चाक लावा आणि फळीच्या मधोमध दगड बांधा. गुळगुळीत फरशीवर वळणारे चाक पुढे ठेवून गाडी ढकला व सोडून द्या. ती बरीच सरळ जाईल. आता जोडचाके पुढे ठेवून तसेच करा. गाडी गिरकी घेऊन उलटी फिरू पाहील. आजच्या बहुतेक विमानांना शेपटीऐवजी नाकाखाली चाक का असते, हे तुम्हाला आता सांगता येईल.

नाकाखाली चाक असलेले विमान जमिनीवर आपोआप सरळ राहू पाहते. शेपटीचे चाक असलेल्या विमानाला मात्र शेवटपर्यंत सांभाळावे लागते. म्हणून अशा विमानाच्या वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात, की चाके टेकली म्हणजे उड्डाण संपले असे नाही. विमान थांबेपर्यंत पाय सुकाणूवरून काढायचा नाही.