गाडीखालचा तेलाचा डाग

आता घरटी नसली तरी आळीत एखादी जीप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर असतोच. रात्री गाडी उभी केली. सकाळी काढली, की खाली तेलाचा डाग दिसतो. मालक म्हणतो, "गाडी म्हटली की तेल पडायचंच." शेजारी म्हणतो, "सील गेलं असंल, बदलून टाका." ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. तेल कसले, ते कोठून येते आणि का येते, हे आधी पाहावे. मग पाना हातात घ्यावा.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालत. ते बाहेर यायचे, त्याला धूळ चिकटायची. कोणाला त्याचे काही वाटत नसे. वाळले की पुन्हा घालायचे, झाले! मोटारीचे तसे नाही. इंजिनातला मुख्य दांडा मिनिटाला दोन-तीन हजार वेळा फिरतो. तो तेलात राहिला पाहिजे. पण त्याचे टोक बाहेरही आले पाहिजे, नाही तर चाके फिरणार कशी? दांडा बाहेर आणि तेल आत, हे काम ऑईल सील करते.

सील म्हणजे रबराची बांगडी. बाहेरून लोखंडी कडे असते. आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ असतो. हा ओठ दांड्याला टेकतो. ओठाच्या मागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. ती ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. ओठाखाली तेलाचा अगदी पातळ थर राहतो, म्हणून रबर जळत नाही. सीलवर आकडे असतात. ३५, ५२, ७ असे आकडे असले, तर आतले भोक ३५ मिलिमीटर, बाहेरचा घेर आरपार ५२ आणि जाडी ७. दुकानात जाताना हे आकडे लिहून न्यावेत. आता लिहिता येते, मग अंदाजाने का मागायचे?

येथे एक फरक ध्यानात घ्या. जे दोन भाग हलत नाहीत, त्यांच्यामध्ये पॅकिंग असते. फिरत्या दांड्याभोवती सील असते. पुष्कळदा पॅकिंग गळते आणि बिचाऱ्या सीलवर आळ येतो.

तेल कसले, हे कसे ओळखावे? रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. पुढची बाजू कोणती, याची त्यावर खूण करावी. सकाळी डाग पाहावा, बोटाने चोळावा, वास घ्यावा. काळे तेल पडले असेल, तर ते बहुधा इंजिनाचे. घट्ट, उग्र वासाचे तेल गिअरपेटीचे किंवा मागच्या आसाचे. लाल असेल, तर स्टिअरिंगचे असू शकते. ज्या गाड्यांत गिअर आपोआप पडतात, त्यांच्या पेटीतले तेलही लाल असते. पातळ, निसरडे आणि रंग खाणारे पाणी चाकापाशी दिसले, तर ते ब्रेकचे. मग गाडी हलवूच नये. एसीच्या गाडीखाली निव्वळ पाणी पडते, त्याची भीती नाही.

डाग जेथे आहे, तेथेच वर गळती असते असे मात्र नाही. तेल वरून खाली ओघळते. गाडी धावताना वारा ते मागे नेतो. म्हणून गळती डागाच्या वर आणि पुढे शोधावी. इंजिन थंड असताना तो भाग धुऊन कोरडा करावा. त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. मग थोडी गाडी चालवून पाहावे. पावडरीवर तेलाची वाट उमटते. सर्वांत वरची ओली जागा, तेथे गळतीचे मूळ. गाडीखाली जायचे, तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाकांना अडण लावा, पक्के स्टँड द्या. जॅक सरकून माणसे दगावली आहेत.

आता खरा प्रश्न. सील गळते का? रबर उष्णतेने कडक होते, चिरते, हे एक कारण. पण तेवढेच नाही. पुष्कळदा नवे सील टाकूनही पंधरा दिवसांत पुन्हा तेच होते. मालक गॅरेजात येऊन म्हणतो, "मिस्त्री, नवं सील टाकलं, तरी गळतंय कसं?" शहाणा मिस्त्री विचारतो, "दादा, गाडीचा श्वास मोकळा आहे का?"

हा श्वास काय आहे? इंजिनात इंधन जळते, तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो. तो बाहेर जायला एक वाट असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने, काजळीने बुजली, की आत वायू कोंडतो आणि वाट मिळेल तेथून तेल ढकलतो. झाकण बांधून दूध तापवले, तर काय होते ते घरातल्या बाईला विचारा! मागच्या आसालाही वरच्या अंगाला असाच ब्रीदर असतो. आपल्याकडच्या चिखलात तो हटकून बुजतो. तो साफ करायला काही खर्च नाही. म्हणून हे काम आधी करावे. ब्रीदर मोकळा असूनही तेल भरायच्या तोंडातून भकाभका धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. मग नुसत्या सीलने भागणार नाही.

तेल जास्त भरले, तरीही ते बाहेर येते. सपाट जागेवर गाडी उभी करून पट्टीच्या दोन खुणांच्या मध्ये तेल ठेवावे. वर चार बोटे जास्त घालणे म्हणजे गाडीचे लाड नव्हेत.

तिसरे कारण दांड्याचे. वर्षानुवर्षे ओठ एकाच जागी घासतो, तेथे दांड्यावर खाच पडते. त्या जागी नख फिरवून पाहावे. नख अडले, तर नवे सीलही गळणार. तेथे पातळ पोलादी बाही चढवतात, किंवा सील थोडे पुढे-मागे बसवतात. दांडा हाताने वरखाली हलत असेल, तर बेरिंग गेले. ते आधी बदलावे.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. उलटे बसवले, तर पहिल्या दिवसापासून गळते. ओठाला तेलाचे बोट लावावे. काही नव्या जातीची सिले मात्र कोरडीच बसवायची असतात, पाकिटावर काय छापले आहे ते वाचावे. दांड्याच्या धारेवर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ओठ कापला जात नाही. एका बाजूने हातोडी मारू नये. सीलच्या मापाची नळी ठेवून चारी बाजूंनी सारखे दाबावे.

इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मध्ये गळती असेल, तर काम मोठे. गिअरपेटी उतरवावी लागते. सील स्वस्त, पण मजुरी महाग. म्हणून पेटी उतरवलीच आहे, तर इंजिनाचे मागचे आणि पेटीचे पुढचे, अशी दोन्ही सिले बदलावीत. क्लचप्लेटही पाहून घ्यावी. प्लेटला तेल लागले असेल, तर चढावर इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही.

बाजारात सील सुजवणारे औषध मिळते. तेलात घातले, की कडक रबर थोडे मऊ होते आणि काही दिवस गळती थांबते. फाटलेला ओठ त्याने सांधत नाही, दांड्याची खाचही भरत नाही. आमच्या मते ते पैसे सीललाच घालावेत.

आम्ही जन्मभर हिशेब शिकवला, म्हणून एक हिशेब येथेही घालतो. मिनिटाला एक थेंब, दिवसाचे दहा तास. दिवसाला ६०० थेंब झाले. २५ थेंबांचे एक मिलिलिटर धरा. दिवसाला २४, तर महिन्याला ७२० मिलिलिटर तेल गेले. लहान गाडीच्या गिअरपेटीत तेल असते जेमतेम दोन लिटर. तीन महिन्यांत पेटी कोरडी! मग दाते झिजतात आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

पण पैशाहून मोठी गोष्ट मागच्या चाकांची आहे. पुष्कळ जिपांना मागे ड्रमचे ब्रेक असतात. आसाच्या टोकाचे सील गळले, की तेल ड्रममध्ये जाते. ब्रेकच्या पट्ट्या तेलाने माखतात आणि धरत नाहीत. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. बाजारच्या दिवशी गाडीत दहा-बारा माणसे बसतात, गाडी घाट उतरू लागते, तेव्हा कळते. म्हणून चाकाच्या आतल्या बाजूला ओले दिसले, तर ती गाडी त्या दिवशी उभीच ठेवावी. सील बदलताना तेल लागलेल्या पट्ट्या पुसून परत घालू नयेत. नव्या घालाव्यात. पट्ट्या दोन्ही चाकांच्या बदलाव्यात, नाही तर एक चाक धरते आणि दुसरे सुटते.

काम झाले, की शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पुठ्ठा पसरावा आणि तेलाची पातळी पाहावी. काढलेले जुने तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात भरून गॅरेजात द्यावे.