शीतकपाटातील वायू

शीतकपाटाचे दार उघडताच गार हवेची झुळूक अंगावर येते. ही शीतलता बर्फाने आणलेली नसते. कपाटाच्या नळ्यांतून एक पदार्थ फिरत असतो. आतल्या बाजूस द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषून घेतो, आणि बाहेरच्या बाजूस वायूचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता खोलीत टाकून देतो.

शंभर वर्षांपूर्वी या कामी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे पदार्थ वापरीत. ते विषारी असल्यामुळे नळी गळली की घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनी कार्बन, क्लोरीन व फ्लुओरीन यांचा एक नवा वायू यासाठी शोधून काढला. पुढे १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही व पेट घेत नाही, या दोन्ही गोष्टींची साक्ष एका फुंकरीत पटली! पाहता पाहता हा वायू घरोघरी गेला. सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांतही तो भरू लागले.

परंतु जो त्याचा गुण, तोच दोष ठरला. कशानेही न बिघडणारा हा वायू पावसाने धुऊन जात नाही. तरंगत तरंगत तो फार उंच जातो. तेथे ओझोनचा थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवून धरतो. त्या किरणांनी वायूचा रेणू फुटून क्लोरीनचा अणू सुटा होतो, आणि असा एकच अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ साली हे मांडले, तेव्हा कारखानदारांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांचा धंदाच पणाला लागला होता. पण १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत कमालीचा घटल्याचे आढळले, आणि वादाचा जोर ओसरला.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे या वायूंचे उत्पादन घटवण्याचा करार झाला. भारताने प्रथम त्यात भाग घेतला नाही. श्रीमंत देशांनी हवा बिघडवावी आणि नव्या यंत्रांचा खर्च गरीब देशांनी सोसावा, हे त्यास मान्य नव्हते. हा आक्षेप रास्तच होता. १९९० साली लंडन येथे गरीब देशांसाठी निधी उभारण्याचे ठरले, आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. २०१० पासून विकसनशील देशांतही हे वायू बंद झाले.

त्यांच्या जागी आलेल्या अनेक वायूंत क्लोरीन नव्हते. ओझोन वाचला, पण यांतील काही वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक उष्णता कोंडतात! म्हणून २०१६ साली रवांडातील किगाली येथे त्यांवरही नियंत्रण घालण्याचे ठरले.

आता अनेक नव्या शीतकपाटांत आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला धक्का लावीत नाही व हवाही फारशी तापवीत नाही. मात्र तो पेट घेतो. कपाटात तो शंभर ग्रॅमहूनही कमी असतो. तरीही दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला आधी खिडक्या उघडाव्या लागतात, आणि जवळ कोठे ज्योत नाही ना, हे पाहावे लागते.